तिखाडीचं तेल आणि कूलरमधला डास

संध्याकाळी सात वाजता होस्टेलमध्ये आपल्यापेक्षा डासांचीच हजेरी जास्त असते! मागच्या सेमिस्टरला माझ्या रूम पार्टनरला डेंग्यू झाला, दोन पेपर बुडाले. हे ऐकून आजीने मानोऱ्याहून तिखाडीच्या तेलाची बाटली पाठवली. "आंगाले लाव, मच्छर नाही चावत."

तिखाडी म्हणजे माळावरचं रोशा गवत. पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो, आणि तो योगायोग नाही. या तेलाचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून जास्त, जिरॅनिऑल असतं. गुलाबाच्या अत्तरातही तेच आहे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडचं रोशा तेल मुंबईहून तुर्कस्तानला जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. एक्स्पोर्ट क्वालिटीची भेसळ!

काढायची रीत म्हणजे आपलं स्टीम डिस्टिलेशन. जिरॅनिऑल एकटं उकळायला सुमारे २३० अंश लागतात. पण तेल-पाणी एकमेकांत मिसळत नाही, दोघांच्या बाष्पदाबाची बेरीज होते, त्यामुळे १०० अंशाच्या जरा खालीच दोन्ही सोबत वर येतात. डाल्टनचा नियम परीक्षेबाहेरही चालतो म्हणायचा.

हे तेल जंतूंच्या पेशीच्या स्निग्ध आवरणात घुसतं, आवरण गळायला लागतं आणि जंतू मरतो. पण हे झालं प्रयोगशाळेतल्या बशीत. जखमेवर निव्वळ तेल लावू नका, कातडी भाजल्यासारखी होते. पोटात तर मुळीच नको.

आता डास. आपला श्वास आणि घाम यांच्या वासावर तो येतो. तेलाच्या वासाने तो गोंधळतो. मात्र जे नाकाला लगेच कळतं ते उडूनही लगेच जातं. तास-दीड तासात पुन्हा लावा. डीट जास्त वेळ टिकतं, ते याच कारणाने.

खरी गोम वेगळीच निघाली. डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो. रात्री झोपताना चोळलेलं तेल त्याच्या कामाचंच नाही! आणि तो वाढतो साठलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे आमच्याच खिडकीतल्या कूलरमध्ये. पाणी नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी घासायचीच.

रविवारी आम्ही कूलर उलटा केला. तळाशी वळवळणाऱ्या अळ्या बघून पार्टनर दोन मिनिटं गप्पच होता. आता त्याच्याकडे ब्रश, माझ्याकडे बादली. आजीचं तेल खोबरेलात मिसळून आम्ही दुपारी अभ्यासाला बसताना लावतो.