सर्व्हरचा आयपी पत्ता बदलणे

सर्व्हरचा आयपी पत्ता बदलणे म्हणजे वेब अनुप्रयोग चालवणाऱ्या संगणकाला नवा आयपी पत्ता देऊन वापरकर्त्यांची वाहतूक त्या पत्त्यावर वळवण्याची प्रक्रिया होय. प्रत्यक्ष बदल काही मिनिटांत होतो. मात्र जुना पत्ता डीएनएस सर्व्हर, ब्राउझर आणि इतर संस्थांच्या फायरवॉलमध्ये साठवलेला असतो. त्यामुळे पूर्वतयारी नसल्यास सेवा काहींना मिळते आणि काहींना मिळत नाही.

कारणे

स्थिर आयपी पत्ता बहुधा इंटरनेट सेवा पुरवठादाराच्या पत्तासंचातील असतो. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या कारखान्याने आवारातील सर्व्हरसाठी पुरवठादार बदलला, तर मोबाईल क्रमांकाप्रमाणे असा पत्ता सोबत नेता येत नाही. स्वतःचा पत्तासंच हवा असणाऱ्या भारतीय संस्थांना तो 'आयआरआयएनएन' या नोंदणी संस्थेकडून मिळू शकतो. सर्व्हर क्लाउडमध्ये किंवा दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये हलवल्यासही पत्ता बदलतो.

डीएनएस आणि टीटीएल

डोमेन नावावरून पत्ता शोधण्याचे काम डीएनएस करते. ही प्रणाली पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. आयपीव्ही४ पत्ता 'ए' नोंदीत, तर आयपीव्ही६ पत्ता 'एएएए' नोंदीत असतो. नोंद किती सेकंद साठवून ठेवावी हे टीटीएल या मूल्याने ठरते. टीटीएल ८६,४०० असल्यास जुना पत्ता २४ तासांपर्यंत वापरात राहू शकतो. म्हणून बदलाच्या किमान २४ तास आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणतात. ऐन वेळी ते कमी केल्यास आधीच साठवलेल्या नोंदींवर परिणाम होत नाही.

सर्व्हरवरील तयारी

वेब सर्व्हर, डेटाबेस, फायरवॉल आणि नियोजित कामांच्या संरचना फायलींत जुना पत्ता थेट लिहिलेला आहे का, हे शोधले जाते. शक्य तेथे त्याऐवजी डोमेन नाव वापरतात. एनजिनएक्ससारखे सॉफ्टवेअर संरचनेतील नावांचे पत्ते सहसा सुरू होतानाच शोधते, त्यामुळे बदलानंतर संरचना पुन्हा वाचवावी लागते. टीएलएस प्रमाणपत्र सहसा डोमेन नावासाठी दिलेले असल्याने केवळ पत्ता बदलल्याने ते रद्द होत नाही.

सर्व्हर ईमेल पाठवत असेल, तर एसपीएफ नोंदीत नवा पत्ता आधीच जोडावा लागतो. पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद नव्या पुरवठादाराकडून करून घ्यावी लागते. ती नसल्यास संदेश नाकारले जाऊ शकतात. बँक किंवा एसएमएस सेवा ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश देत असेल, तर त्यांच्या यादीतही नवा पत्ता घालावा लागतो.

समांतर कालावधी

संक्रमणकाळात दोन्ही पत्ते चालू ठेवतात. एकाच सर्व्हरला दोन पुरवठादारांच्या जोडण्या असतील, तर आलेल्या विनंतीचे उत्तर त्याच जोडणीतून परत जाईल असे मार्ग ठरवावे लागतात. एकाचा पत्ता घेऊन दुसऱ्याच्या जोडणीतून निघालेले पॅकेट अडवले जाऊ शकते. सर्व्हर दोन असतील, तर दोघांनी एकच डेटाबेस वापरणे आवश्यक असते, अन्यथा नव्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात.

जुन्या पत्त्यावरील विनंत्या थांबल्याची खात्री लॉगमधून झाल्यावर ती जोडणी बंद करतात आणि टीटीएल पूर्ववत करतात. सोडलेला पत्ता पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. एखाद्या उपडोमेनची नोंद तशीच राहिली, तर संस्थेच्या नावाने येणारे वापरकर्ते परक्या सर्व्हरवर पोहोचतात. त्यामुळे सर्व जुन्या नोंदी काढणे हा सुरक्षेचा भाग मानला जातो.

मूळ नामसर्व्हरांची उदाहरणे

डीएनएसच्या मूळ नामसर्व्हरांचे पत्ते रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरसोबतच दिलेले असतात, त्यामुळे तेथे समांतर कालावधी मोठा ठेवतात. मेरीलँड विद्यापीठाच्या 'डी' सर्व्हरचा आयपीव्ही४ पत्ता ३ जानेवारी २०१३ रोजी बदलला. त्यानंतर अनेक महिने जुन्या पत्त्यावर प्रश्न येत राहिले. 'बी' सर्व्हरचा पत्ता २७ नोव्हेंबर २०२३ रोजी बदलताना जुना पत्ता किमान एक वर्ष चालू ठेवण्याचे जाहीर करण्यात आले होते.