पडदा काळा, फोन चालू

लोकलमध्ये एखादा अंध प्रवासी फोन वापरताना दिसला, तर त्याच्या स्क्रीनकडे जरूर बघा. कित्येकदा ती पूर्ण काळी असते. फोन बंद पडलेला नसतो. स्क्रीनचा उजेड त्याने मुद्दाम घालवलेला असतो, कारण त्याला त्याची गरजच नाही. बॅटरी वाचते, आणि बँकेचा मेसेज शेजाऱ्याला वाचता येत नाही. काळ्या काचेवरून बोट फिरत असतं आणि बोटाखाली जे येईल त्याचं नाव इअरफोनमधून ऐकू येत असतं. हवं ते सापडलं की काचेवर कुठेही, अगदी कोपऱ्यातसुद्धा, दोनदा टिचकी मारायची. ते उघडतं.

ही किमया स्क्रीन रीडरची. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, कॉम्प्युटरवर जॉज किंवा एनव्हीडीए. मला थक्क करते ती यातली मूळ युक्ती. स्क्रीन रीडर सहसा स्क्रीनकडे 'बघत' नाहीच. ॲप आपल्यासाठी चित्र रंगवतं, त्याच वेळी सिस्टिमला एक यादी देत असतं: इथे बटण आहे, त्याचं नाव 'पाठवा', इथे रकाना आहे, त्यात मोबाइल नंबर लिहायचा. ही यादी आपल्याला कधी दिसत नाही. अंध माणूस थेट तिच्यावरूनच काम करतो. ॲप बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलंच नसेल, तर मात्र आवाज नुसताच म्हणतो, 'अनलेबल्ड'. त्या बटणामागे पैसे पाठवणं आहे की रद्द करणं, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं तरी कसं?

या बोलत्या यंत्रांची गोष्ट जुनी आहे. 1976 साली रे कुर्झवाइल यांनी छापील मजकूर मोठ्याने वाचणारं यंत्र जगासमोर आणलं. ते अख्खं टेबल अडवायचं. पुढे टचस्क्रीन आली तेव्हा बोटांना चाचपायला बटणंच उरली नाहीत. ती गुळगुळीत काच अंध माणसासाठी भिंतच होती. 2009 मध्ये आयफोन थ्रीजीएस व्हॉइसओव्हरसह आला आणि त्या भिंतीत दार पडलं. त्याच्या थोडं आधी, 2006 साली, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतलं. लवकरच त्याचा मित्र जेम्स टे सोबत आला. तोही अंध. बाजारातले स्क्रीन रीडर इतके महाग होते की ज्यांना ते सर्वांत जास्त हवेत त्यांनाच परवडत नव्हते. एनव्हीडीए आजही फुकट मिळतं. ज्यांना गरज होती त्यांनी स्वतःच औजार घडवलं आणि जगाला वाटून टाकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सरावलेला माणूस स्क्रीन रीडर कोणत्या वेगाने ऐकतो, हे एकदा प्रत्यक्ष ऐकायला हवं. आपण बोलतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेग सहज असतो. आपल्या कानांना ते पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. तो मात्र त्यातून बातमी वाचतो, चुकलेला स्वल्पविराम पकडतो. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाज यांत्रिक आहे, कारण तो कुणा माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून जोडलेला नाही. मुख्यतः गणिताने घडवलेला आहे. पण वेग वाढवला की गोड मानवी आवाजांपेक्षा असाच आवाज अनेकांना स्पष्ट वाटतो.

हा आवाज मराठीही बोलतो, आणि मराठी सोपी नाही. 'घर' लिहिताना र पूर्ण, बोलताना अर्धवट. चहातला च वेगळा, चटणीतला वेगळा, अक्षर मात्र एकच. हे नियम कुणीतरी बसून, एकेक करून यंत्राला शिकवावे लागतात.

आणि एवढं करूनही एखादी मराठी फाइल उघडावी तर कानावर निव्वळ बडबड यावी, असं घडतं. कारण आहे जुने फॉन्ट. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द डोळ्यांना मराठीच दिसतो. आत मात्र साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, बी, एच. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, आतली अक्षरं दिसतात, आणि तो प्रामाणिकपणे तीच वाचतो. हाच शब्द युनिकोडमध्ये लिहिला तर म म्हणजे मच असतो, आणि ऐकणाऱ्याला स्वच्छ 'मराठी' ऐकू येतं. नोकरभरतीची सूचना स्कॅन करून नुसता फोटो चढवला, तर त्यात अक्षर असं नसतंच. अर्ज करायला उत्सुक, पात्र अंध उमेदवार कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून थांबून राहतो. यंत्र त्याच्या हातात असतं, कमी पडते ती आपली फाइल.

बँकेचं खातं उघडताना तर कॅमेऱ्यासमोर 'डोळे मिचकावा' असं सांगितलं जायचं. समोर जिवंत माणूस आहे, याचा तो पुरावा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध नागरिकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि 20 निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, हा त्यांतलाच एक.