सहा अंशांचा तिढा

जूनच्या 21 तारखेला भर दुपारी कच्छच्या खदीर बेटावर हौसेनं कुणी उभं राहत नाही. तरीही एखाद्यानं मीटरभर लांबीची काठी ओळंबा लावून सरळ उभी केली आणि घड्याळात 12 वाजल्याबरोबर सावली मोजली, तर त्याची पहिली चूक तिथंच होईल. घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशाचं, ऊन कच्छचं. इथं सूर्य माथ्यावर यायला 12 वाजून 50 मिनिटं होतात. तेव्हा काठीची सावली उरते जेमतेम 8 मिलिमीटर.

साडेचार हजार वर्षांपूर्वी तीही उरत नव्हती. पृथ्वीच्या आसाचा कल तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे अर्ध्या अंशानं जास्त होता, त्यामुळे कर्कवृत्त थोडं उत्तरेला, जवळजवळ याच बेटावरच्या धोलावीरा या प्राचीन शहरावरूनच जात होतं. आज ते सुमारे 50 किलोमीटर दक्षिणेला सरकलं आहे. मुंबई-पुण्याकडे शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. हडप्पाकालीन धोलावीऱ्यात तो उन्हाळ्याच्या ऐन टोकाला येत असणार. उत्तरेकडे चाललेला सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येऊन मागं वळतो, हे त्या लोकांच्या ध्यानात आलं नसेल असं मानणं अवघड आहे. सावली त्यांच्या पायाशीच पडत होती.

मग त्यांनी शहर तिरकं का बांधलं?

जगत्पती जोशी यांनी ही जागा 1960च्या दशकात नोंदवली. 1990पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली ती उकरली गेली आणि 2021 साली जागतिक वारशाच्या यादीत आली. बाहेरचा तट 771 मीटर लांब आणि 617 मीटर रुंद, म्हणजे पाचास चार हे प्रमाण अगदी काटेकोर. पाऊण किलोमीटरच्या भिंतीत ज्यांचं प्रमाण चुकत नाही, त्यांच्या सबंध शहराचा अक्ष मात्र खऱ्या उत्तरेपासून सुमारे 6 अंश पश्चिमेला झुकलेला आहे. हा गवंड्याचा हलगर्जीपणा नव्हे.

दिशा मोजणं दिसतं तेवढं सोपं नाही. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं. खिशातला मोबाइल किंवा शेजारी उभी केलेली मोटार त्यालाही फसवते. ध्रुवतारा आपल्या कामाचा, त्यांच्या नाही. त्या काळी ध्रुवाजवळ होता कालेय तारकासमूहातला ठुबान. सगळ्यात भरवशाची रीत शुल्बसूत्रांत सांगितली आहे, ती हडप्पानंतरची असली तरी. सपाट जमिनीवर शंकू रोवायचा, त्याच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढायचं. सकाळी सावली आखडत येते आणि तिचं टोक वर्तुळाला शिवतं, तिथं खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबत वर्तुळाबाहेर निघते, तिथं दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. मधले काही तास नुसतं बसून राहायचं. या कामात अक्कल कमी आणि धीर जास्त लागतो.

काठी नुसती उंच करून मात्र भागत नाही. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून सावलीची कड धुरकट पडते. मीटरभर काठीच्या टोकाशी हा धुरकट पट्टा 9 मिलिमीटरच्या आसपास असतो. ते जूनमधले 8 मिलिमीटर त्यातच बुडून जातात. सूर्य वळण्याचा दिवस ज्याला अचूक धरायचा आहे, त्याला अंधारी खोली, छताला भोक किंवा लांबवर सावली टाकणारी भिंत बांधावी लागते.

अशीच एक वास्तू मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी श्रीकुमार मेनन यांच्या नजरेत भरली. धोलावीऱ्याच्या बालेकिल्ल्याला लागून पश्चिमेला जो तटबंद भाग आहे, तिथं बाकी सगळं चौकोनी असताना दोन खोल्यांचे पाये गोल आहेत. एक गोल नेमका उत्तरेकडे रोखलेला, दुसरा नेमका पश्चिमेकडे. शहराच्या 6 अंशांच्या झुकावाला त्यांनी जुमानलेलं नाही. भिंती वर चढवून संगणकावर ऊन-सावली खेळवल्यावर ही वेधशाळा असावी, असं त्या दोघांनी 2013 साली मांडलं.

अडचण एकच. आज उरलेत फक्त पाये. भिंतींची उंची आणि छप्पर ही गृहीतकं आहेत, आणि गृहीतक हलवलं की सावलीही हलते.

भिंती जिथं भरपूर, तिथं एखादी भिंत कशाकडे तरी रोखलेली सापडतेच. धोलावीऱ्याचे तिरके पूर्व-पश्चिम रस्तेच घ्या. त्यांच्या रेषेत सूर्य उगवतो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. कुणी उत्साही माणूस यातून लगेच गुढीपाडवा काढून दाखवील! पण तोच सूर्य सप्टेंबरच्या सुरुवातीलाही तिथंच उगवतो, त्याचं काय करायचं? शहराच्या तिरकेपणाचं कारण आभाळात शोधण्यापेक्षा मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांमधल्या जमिनीच्या उतारात शोधणं जास्त शहाणपणाचं वाटतं. जलाशय भरायचे तर पाण्याचं ऐकावं लागतं. गोल खोल्यांची गोष्ट वेगळी. शहराची चाल मोडून त्या खऱ्या उत्तरेला आणि पश्चिमेला वळल्या आहेत, म्हणून त्यांचा दावा वजनदार ठरतो.

हिवाळ्यात धोलावीऱ्याला जाणारे बहुतेक जण प्रचंड जलाशय आणि हडप्पा लिपीतल्या दहा अक्षरी फलकाची जागा बघून मोटारीकडे वळतात. या दोन गोल पायांपाशी थोडं थांबावं, मोबाइल दूर ठेवावा आणि पाऊण वाजून जाऊ द्यावा. डिसेंबरच्या अखेरीस तिथं माणसाची सावली भर दुपारीही त्याच्या उंचीपेक्षा जरा लांब, सरळ उत्तरेकडे पडते.