घरात टांगलेली ती छोटी डबी नेमकं मोजते तरी काय?

वास नाही, रंग नाही, डोळ्यांची चुरचुर नाही. तरीही रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू थोडाफार प्रत्येक घरात असतोच. खडक-मातीतल्या युरेनियमपासून तो तयार होतो आणि जमिनीच्या भेगांतून वर येतो. उघड्यावर विरून जातो, बंद खोलीत मात्र साठतो.

जागतिक आरोग्य संघटना त्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचं मोठं कारण मानते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर हा धोका कितीतरी पट जास्त.

घरातल्या रेडॉनकडे जगाचं लक्ष गेलं १९८४ मध्ये. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रास या इंजिनिअरमुळे किरणोत्साराचा अलार्म वाजायचा. केंद्राची वीज तर अजून सुरू व्हायची होती! शोध घेतल्यावर मूळ निघालं त्याच्या राहत्या घरात. तिथे एक घनमीटर हवेत जवळपास १ लाख बेकरेल रेडॉन होता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शक्यतो १०० च्या आत ठेवा, नाहीच जमलं तरी ३०० च्या वर नको. (१०० बेकरेल म्हणजे सेकंदाला रेडॉनचे १०० अणू फुटणे.)

मग मोजायचं कसं? मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी एक डबी तयार केली आहे. तिला ना वीज लागते, ना बॅटरी. आत दोन कप्पे, प्रत्येकात फिल्मचा तुकडा. पहिल्या कप्प्यात रेडॉन आणि त्याचा भाऊबंद थोरॉन, दोघंही शिरतात. पुढे बारीक छिद्रं आहेत. थोरॉन मिनिटभरातच निम्मा संपतो, त्यामुळे तो पलीकडे पोचेपर्यंत टिकत नाही. रेडॉनला निम्मं व्हायला पावणेचार दिवस लागतात, तो आरामात पोचतो. दोन्ही फिल्मवरच्या खुणांतून दोघांचा हिशोब वेगळा निघतो.

डबी साधारण तीन महिने टांगतात. कारण दार-खिडक्या कधी उघड्या, कधी बंद. एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पुढे प्रयोगशाळेत फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात धुऊन खुणा मोजतात. डबी भिंतीला चिकटवू नये, कारण थोरॉन भिंतीलगतच जास्त सापडतो. झाडलोट करताना तिची जागाही बदलू नये, नाहीतर तीन महिने वाया. आणि वेगळं यंत्र नसताना नुसत्या मोबाईल ॲपने रेडॉन मोजला जात नाही, कोणी काहीही सांगो.

आकडा जास्त आला तर घर सोडायची गरज नसते. वॉट्रासचं कुटुंबही दुरुस्तीनंतर त्याच घरात परतलं. जमिनीच्या भेगा बुजवणं, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं, फारच जास्त असेल तर जमिनीखालून पाइप टाकून पंख्याने हवा बाहेर काढणं, असे उपाय आहेत. ते केल्यावर डबी पुन्हा टांगून बघायची.