पंधरा मिनिटांचा मोह

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवराभोवती सुमारे 260 किलोमीटरची पायवाट आहे. मेर्सबुर्ग गावी पदयात्रिकाची खरी कसोटी लागते. समोरचे कॉन्स्टन्स शहर बोटीने अवघ्या 15 मिनिटांवर. काठाकाठाने मात्र दोन-तीन दिवस! पायांचे फोड बोटीकडे ओढतात, स्वाभिमान वाटेकडे. पुढे स्विस गावांत युरोऐवजी फ्रँक मोजताना कॉफीचा घोटही घशात अडखळतो. एवढे करून मनुष्य निघाला तेथेच परततो. व्यापारी हिशेबाने ही उलाढाल शून्यच. परंतु उंटरउल्डिंगेनची पाण्यात खांबांवर उभारलेली प्रागैतिहासिक धाटणीची घरे आणि युबरलिंगेनचा निवांत काठ बोटीवाल्याच्या खात्यात कधीच जमा होत नाहीत.