दगडातल्या जाळीवरून स्नायू कसे ओळखतात?

जीव मेला की मांस सडतं, सांगाडा उरतो. त्यामुळे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे स्नायू अमुक जागी होते असं कोणी म्हटलं, तर तुम्ही विचारणारच: हे यांना कळलं कसं? तारामासा, समुद्री साळू अशा कंटकचर्मी प्राण्यांच्या बाबतीत उत्तर बऱ्याचदा सांगाड्यातच असतं.

हा सांगाडा म्हणजे कॅल्साइटचे छोटे छोटे तुकडे. प्रकाशात प्रत्येक तुकडा एका अखंड स्फटिकासारखा वागतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अनारशासारखी जाळी! हिला स्टिरिओम म्हणतात. जिवंतपणी तिच्या भोकांत ऊती भरलेल्या असतात आणि कुठे काय जोडलंय त्यानुसार तिची वीण बदलते. कोलॅजेनचे तंतू तुकड्यात खोल शिरतात, तिथे बहुधा सरळ, समांतर बोगदे दिसतात. स्नायू पृष्ठभागालगतच चिकटतो, तिथली जाळी सहसा बारीक आणि वेडीवाकडी. १९८० साली अँड्र्यू स्मिथ यांनी समुद्री साळूंच्या कवचातल्या विणींची पद्धतशीर वर्गवारी केली. आधी जिवंत प्राण्यात हे नातं तपासायचं, मग जीवाश्मात तीच वीण शोधायची. अर्थात, खनिजांनी भोकं बुजवली नसतील तर!

पण जाळी सगळंच सांगत नाही. स्टायलोफोरा घ्या: चपटं शरीर आणि त्याला एकच सांधेदार उपांग. ते शेपूट की हात? लंडनचे रिचर्ड जेफरीज म्हणायचे, शेपूट. त्यात त्यांना पृष्ठरज्जू दिसायचा आणि या प्राण्यांत आपले, म्हणजे पृष्ठवंशीयांचे, पूर्वज. स्टिरिओमचं काय? तो पुढे नाहीसा झाला, असं त्यांचं उत्तर. इतर अनेकांना तोच अवयव अन्न गोळा करणारा हात वाटायचा. सांगाडा एकच, प्राणी दोन!

मोरोक्कोतल्या फेझुआटाच्या सुमारे ४८ कोटी वर्षं जुन्या खडकांत असे स्टायलोफोरा सापडले, ज्यांचे मऊ अवयवही लोहयुक्त खनिजांच्या रूपात टिकले होते. २०१९ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. उपांगात जलवाहिनी आणि नलिकापाद, म्हणजे तारामाशाच्या हातात असते तशीच रचना. शेपटीची बाजू फारच लंगडी पडली.

तेव्हा पुढच्या वेळी संग्रहालयात एखाद्या जीवाश्माचं रंगीत चित्र पाहाल, तेव्हा जरूर विचारा: यातलं प्रत्यक्ष दिसलं किती, जाळीवरून वाचलं किती आणि जिवंत नातेवाइकांकडून उसनं घेतलं किती?