छताआड गेलेला जोड

बीड, अंबाजोगाई किंवा परळीत जुन्या घराचं रूप पालटायचं ठरलं, की पहिला नंबर हॉलच्या छताचा लागतो. स्लॅबखाली वीतभर अंतरावर पीओपी किंवा जिप्समचं छत येतं, कडेने कोव्हची पट्टी, मध्ये डाऊनलायटर. जिथे एका ट्यूबवर भागत होतं तिथे दहा-बारा दिवे लागतात. त्यांची वायर बहुधा जुन्याच पॉइंटवरून ओढली जाते. पंख्याचा बॉक्स किंवा भिंतीतला जंक्शन बॉक्स उघडायचा, तारा सोलून पीळ द्यायचा, वर टेप गुंडाळायची, की पीओपीवाला सगळं बंद करून टाकतो. दिवे लागतात, घरमालक खूश होतो. तरीही हे काम चुकीचंच आहे. वायरमनचा हात कच्चा असतो म्हणून नव्हे, तर जोड पुढे ढिला पडला तर ते सांगणारं काहीच आपल्या डीबीत, म्हणजे घरातल्या वितरण पेटीत, सहसा नसतं म्हणून. तो पाहूनच ओळखावा लागतो आणि पाहायची वाटच आपण बुजवलेली असते.

‘एमसीबी आहे ना!’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. पण एमसीबी पडते ती प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तर, आणि आरसीसीबी पडते ती प्रवाह जमिनीकडे गळू लागला तर. ढिल्या जोडात यातलं काहीच होत नाही. दीड टनाचा एसी साधारण 7 अँपिअर घेतो असं धरू. त्याच्या वाटेवरच्या जोडाचा रोध वाढून अर्धा ओहम झाला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने त्या एका बिंदूवर सुमारे 25 वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटचं असतं. प्रवाह मात्र वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठाकठीक असतं आणि छताच्या पोटात टेप करपत असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एलईडी दिवे प्रवाह घेतात तो किती? अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने 1977 मध्ये ढिल्या जोडांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार आणि स्क्रू यांच्यातला संपर्क बिघडला की तो बिंदू निखाऱ्यासारखा लाल होतो, आणि अवघ्या 0.8 अँपिअर प्रवाहालाही तिथे 5 वॅटपर्यंत उष्णता निर्माण होऊ शकते, असं त्यात दिसलं. फ्यूज किंवा ब्रेकर पडत नव्हते, दिवेही नीट चालू राहत होते. 230 व्होल्टला 0.8 अँपिअर म्हणजे सुमारे 184 वॅट. डझनभर डाऊनलायटर आणि कोव्हची पट्टी मिळून भार तिथवर सहज जातो. शिवाय त्याच बॉक्समधून पुढे पंखा किंवा प्लग पॉइंट नेलेला असेल, तर फक्त दिव्यांचा हिशेब पुरत नाही.

‘जोड पक्का केला तर जन्मभर टिकतो,’ असंही सांगितलं जातं. पण पक्का जोडही तापतो, निवतो, प्रसरण-आकुंचन पावतो. तांब्यावर ऑक्साइड चढतं, टेपचा चिकटा सुकतो. बीडच्या उन्हाळ्यात बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला स्लॅब आणि पीओपी यांच्यामधल्या कोंडलेल्या हवेत तारा त्याहून जास्त भाजतात. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा 70 अंशांची. भोवताली 30 अंश असताना ती जेवढा प्रवाह वाहू शकते, त्याच्या 71 टक्केच 50 अंशांना वाहू शकते. पावसाळ्यात स्लॅब पाझरला तर ओल जोडापर्यंत पोचते, उंदरांचा त्रास वेगळाच. जुन्या माळवदाच्या घरात तर छताला वाळलेलं लाकूडच असतं.

म्हणूनच वायरिंगचं भारतीय मानक आयएस 732 असो की अमेरिकेची विद्युत संहिता, जोडाला तपासणीसाठी हात पोचला पाहिजे ही अट दोन्हीकडे आहे. अमेरिकेत तर भिंत किंवा छत न फोडता जंक्शन बॉक्स उघडता आला पाहिजे, असंच बजावलेलं आहे. रसायन ओतून कायमचे बंद केलेले खास जोड वगैरे अपवाद आहेत. पिळून टेप गुंडाळलेला जोड त्यांत बसत नाही. बॉक्स उघडण्यासाठी छतात ठेवलेल्या झाकणाने शोभा जाते ही तक्रार उरतेच, पण तिला उत्तर सोपं आहे. वायर लूप पद्धतीने दिव्याहून दिव्याकडे न्यावी, म्हणजे जोड दिव्याच्याच टर्मिनलवर येतात आणि डाऊनलायटर खाली ओढला की हाती लागतात. बॉक्स टाळताच येत नसेल, तर त्याखाली छताच्याच रंगाचं स्क्रूचं झाकण ठेवावं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारख्या किरकोळ कामांपलीकडचं वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं. तेव्हा काम देण्याआधी परवाना मागा. पीओपीवाल्याला बोलावण्यापूर्वी प्रत्येक बॉक्सचा, भिंतीपासूनचं अंतर मोजपट्टीने दाखवत, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि एखादा जोड छताआड कायमचा बंद होणार असेल, तर त्या दिवशी पीओपीचं काम थांबवा.